जुन्या रॉक ध्वनिमुद्रिकांतील लहानमोठा आवाज

तरुण विद्यार्थ्यांकडून जुन्या रॉक संगीताविषयीं एक तक्रार वारंवार कानीं येते. एक गाणें इतक्या हलक्या आवाजांत लागतें कीं कळ वाढवावी लागते, आणि लागलीच दुसरें असें कडाडतें कीं कानांतील इयरफोन ओढून काढावे लागतात. एखाद्या गाण्यांत गाणारा केवळ उजव्या कानांत व सारीं वाद्यें डाव्या कानांत. कोठें अखंड खरखर, तर कोठें ड्रमचा आवाज बंद पेटींतून आल्यासारखा. यावरून, ज्यांनीं हीं गाणीं मुद्रित केलीं त्यांना आपलें काम नीट येत नव्हतें, असा निकाल देऊन मुलें मोकळीं होतात. या मुद्रिका नव्यानें काढणारे कित्येक व्यापारी तर त्याहून पुढें जातात. ते साऱ्या गाण्यांचा आवाज ठोकून-पिटून एका पातळीवर आणतात आणि त्यास सुधारणा म्हणतात. आमच्या मतें तक्रार खरी आहे. परंतु तिच्यावरून काढलेला निकाल चुकीचा आहे, आणि योजलेला उपाय तर त्याहून चुकीचा आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, ज्यास आपण सरसकट दोष म्हणतों तो एका जातीचा नाहीं. कांहीं विषमता साधनांच्या मर्यादेमुळें आलेली आहे, कांहीं कलावंतानें जाणूनबुजून ठेवलेली आहे, आणि कांहीं मागाहून इतरांच्या हातून घडलेली आहे. या तिहींचा विचार निरनिराळा केल्यावांचून न्याय होणार नाहीं.

साधनांच्या मर्यादेचें उदाहरण म्हणून इंग्लंडांतील 'बीटल्स' या संघाची पहिली मोठी तबकडी घेऊं. ती १९६३ सालीं निघाली. तिच्यांतील चौदा गाण्यांपैकीं दहा गाणीं त्या वर्षाच्या ११ फेब्रुवारीस लंडन येथें एकाच दिवसांत मुद्रित झालीं. त्या वेळच्या फितीवर दोनच मार्ग होते. एकावर वाद्यें घेतलीं, दुसऱ्यावर गळे. हेतु एवढाच कीं, मागाहून दोहोंचें प्रमाण जुळवून एकमार्गी, म्हणजे मोनो, तबकडी करावी. कारण बहुतेक श्रोत्यांच्या घरीं एकाच कर्ण्याचीं यंत्रें होतीं. ते दोन मार्ग दोन कानांकरितां नव्हतेच. परंतु त्याच फितीवरून द्विमार्गी, म्हणजे स्टीरिओ, तबकडीही काढण्यांत आली, आणि तिच्यांत गळे एकीकडे व वाद्यें दुसरीकडे पडलीं. खोलींत दोन कर्णे ठेवून ऐकतांना दोन्ही आवाज हवेंत मिसळत, म्हणून तें फारसें खुपत नसे. आज इयरफोन लावून ऐकणाऱ्यास मात्र आपलें डोकेंच दुभागल्यासारखें वाटतें. पुढें १९६७ सालीं याच संघाची 'सार्जंट पेपर्स' ही सुप्रसिद्ध तबकडी निघाली. तिच्या मोनो मिश्रणाच्या वेळीं संघ स्वतः हजर राहून लक्ष घालीत होता. स्टीरिओ मिश्रण मात्र त्यांच्या गैरहजेरींत थोडक्या दिवसांत उरकलें गेलें. पुढें अनेक वर्षें बहुतेकांनीं ऐकलें तें हें दुसरें. म्हणजे आपण ज्याला नांवें ठेवतों, तें पुष्कळदां कर्त्याचें मुख्य काम नसतेंच.

दुसरी मर्यादा खुद्द तबकडीची. तबकडीवरील आवाज म्हणजे कोरलेल्या चरीचीं नागमोडी वळणें होत. आवाज मोठा, विशेषतः खर्जाचा, असला कीं चर रुंद झोके घेते आणि अधिक जागा खाते. म्हणून मोठ्या तबकडीच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटांहून अधिक संगीत भरावयाचें तर आवाज हलका ठेवणें प्राप्त होई. उलट, मिनिटास पंचेचाळीस फेरे घेणाऱ्या लहान तबकडीवर तीनेक मिनिटांचें एकच गाणें असे. तें मोठ्यानें कोरतां येई, आणि नाणें टाकून वाजविण्याच्या पेटींत शेजारच्या गाण्याहून तें उठून दिसावें म्हणून मुद्दाम तसें कोरीतही. आणखी एक गोष्ट भूमितीच्या विद्यार्थ्यानें स्वतः पडताळून पाहावी. मोठी तबकडी मिनिटास तेहतीस पूर्णांक एक-तृतीयांश फेरे घेते. बाहेरच्या कडेस सुईखालून सेकंदास सुमारें ५० सेंटिमीटर चर जाते. आंतल्या टोकाशीं, घेर लहान झाल्यामुळें, तेवढ्याच वेळांत सुमारें २० सेंटिमीटरच जाते. तितक्या थोड्या लांबींत बारीक कंपनें दाटीवाटीनें बसवावीं लागतात, म्हणून शेवटच्या गाण्यांतील तीव्र स्वर बोथट होतात. अशा निरनिराळ्या तबकड्यांकरितां, निरनिराळ्या वर्षीं आणि निरनिराळ्या हेतूंनीं तयार झालेलीं गाणीं आज एका मालिकेंत ओवलीं, तर तीं एका उंचीचीं कशीं असणार? पंधरा घरांतील पंधरा मुलें एका रांगेंत उभीं केलीं तर कोणी उंच, कोणी ठेंगणें असावयाचेंच.

आतां कलावंतानें जाणूनबुजून केलेल्या गोष्टींकडे वळूं. १९६४ सालीं 'किंक्स' या संघांतील डेव्ह डेव्हीस या तरुणानें आपल्या कर्ण्याचा कागदी पडदा पात्यानें चिरला, आणि त्या चिरलेल्या पडद्यांतून निघालेला गिटारचा फाटका आवाज 'यू रिअली गॉट मी' या गाण्यांत घेतला. १९६८ सालीं 'रोलिंग स्टोन्स' संघाच्या कीथ रिचर्ड्सनें 'स्ट्रीट फायटिंग मॅन' या गाण्याकरितां साधी लांकडी गिटार घरगुती कॅसेट-रेकॉर्डरवर वाजविली. ती इतकी जवळून व जोरानें, कीं त्या यंत्राला तो आवाज पेलेना. तें न पेलणेंच त्याला हवें होतें. आज कोणी सद्हेतूनें हे आवाज स्वच्छ करूं म्हणेल, तर तो मळ धुण्याच्या नांवाखालीं रंगच धुऊन टाकील.

लहानमोठ्या आवाजाचेंही तसेंच आहे. आमच्या महाराष्ट्राशीं संबंध असलेलें एक उदाहरण येथें देतां येतें. पांचगणी येथील सेंट पीटर्स शाळेंत शिकलेला फारुख बलसारा हा पुढें फ्रेडी मर्क्युरी या नांवानें इंग्लंडांतील 'क्वीन' संघाचा गायक झाला. त्याच्या संघाचें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें सुमारें सहा मिनिटांचें गाणें १९७५ सालीं प्रसिद्ध झालें. त्या वेळीं फितीवर चोवीस मार्ग मिळत असत, तरी ते पुरेनात. म्हणून तिघांचे गळे पुनःपुन्हां मुद्रित करून एकावर एक चढविले गेले. फीत यंत्रांतून इतक्या वेळां फिरली कीं तिच्यावरचा थर झिजून तिच्यांतून उजेड दिसूं लागला, असें संघाचे लोक सांगत आले आहेत. हें गाणें वाद्यांवांचून, नुसत्या गळ्यांनीं आरंभ पावतें, पियानोबरोबर हळुहळू चढतें, मध्यें गर्जतें आणि शेवटीं पुन्हां निवतें. त्याचा आरंभ आणि मध्य एका उंचीवर आणला तर चढण्यास जागाच उरत नाहीं. आपल्या उपासनेंत स्तोत्राचें पहिलें कडवेंच जर साऱ्या मंडळीनें गळा ताणून म्हटलें, तर शेवटच्या कडव्यास काय शिल्लक राहील? हलका आवाज ही उणीव नव्हे. मोठ्या आवाजास जें मोठेपण येतें तें त्याच्याचमुळें.

तिसऱ्या जातीचे दोष मागाहून आलेले. मूळ फितीवरून प्रत, त्या प्रतीवरून परदेशाकरितां दुसरी प्रत, अशी परंपरा चाले, आणि प्रत्येक पिढीबरोबर खरखर वाढे. पुढें १९८२ सालीं जपानांत कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली. तिच्यांत चरीची अडचण नव्हती. हलक्यांत हलका आणि मोठ्यांत मोठा आवाज यांमधील अंतर पूर्वीपेक्षां अधिक मावत होतें. परंतु या सोयीचा उपयोग उलटाच झाला. तिच्यांत आवाजास एक पक्कें छत आहे. त्यापलीकडे कांहींच जाऊं शकत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत, आपलें गाणें शेजारच्याहून मोठें ऐकूं यावें या चढाओढींत, छतास लागणारीं शिखरें छाटून बाकीचें सारें वर उचलण्याची रीत पडली, आणि जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्याही त्याच घाण्यांतून निघूं लागल्या.

या रीतीचा परिणाम पाहावयाचा असेल तर 'स्टूजेस' या अमेरिकन संघाची 'रॉ पॉवर' ही तबकडी पाहावी. ती १९७३ सालीं निघाली. तिचें मिश्रण डेव्हिड बोवी यानें घाईनें केलें होतें, व तें पातळ आहे अशी ओरड होती. १९९७ सालीं संघाचा गायक इगी पॉप यानें स्वतः नवें मिश्रण केलें. त्याचा आवाज इतका चढविलेला कीं तो जागोजाग फाटला. आणि ज्या जुन्या मिश्रणास लोक नांवें ठेवीत होते, त्याचीच कित्येकांस आठवण होऊं लागली. अखेर २०१० सालीं बोवीचें मिश्रण पुन्हां प्रसिद्ध झालें. कर्त्यास आपली कृति नव्यानें मांडण्याचा हक्क आहेच. पण जुनी हातीं होती म्हणूनच ती परत आणतां आली, ही गोष्ट विसरतां कामा नये.

यावर कोणी म्हणतील, "तर मग जुन्याला हातच लावूं नये काय?" असें आमचें म्हणणें नाहीं. प्रतींच्या परंपरेनें आलेली खरखर काढावी. झिजलेल्या तबकडीचे ओरखडे काढावे. त्यांत कर्त्याचें कांहीं नाहीं. मर्यादेमुळें आलेला दोषही विवेकानें दुरुस्त करतां येतो. १९६६ सालच्या 'रिव्हॉल्व्हर' या बीटल्सच्या तबकडीचें नवें मिश्रण २०२२ सालीं झालें. एका मार्गावर एकत्र अडकलेलीं वाद्यें संगणकाच्या साह्यानें निरनिराळीं करून, तीं दोन्ही कानांत नीट मांडण्यांत आलीं. त्याच्या जोडीस जुनें मोनो मिश्रणही देण्यांत आलें, आणि आमच्या दृष्टीनें खरें महत्त्व या जोडण्यास आहे. दुरुस्ती मूळाशेजारीं उभी असावी. मूळाच्या जागीं नव्हे. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावलें तर छिद्र अधिकच मोठें होतें, हा शुभवर्तमानांतील दृष्टान्त आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

ही भीति पोकळ नाहीं. २००८ सालच्या जून महिन्यांत अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील एका मोठ्या संग्रहास आग लागून मूळ फिती नष्ट झाल्या, आणि त्या हानीची वार्ता २०१९ सालीं जगापुढें आली. शिवाय, इंटरनेटवरून गाणीं ऐकविणाऱ्या सेवांवर नवी आवृत्ति आली कीं जुनी पुष्कळदां दिसेनाशी होते. आग एकदांच लागते. ही विस्मृति मात्र मुकाट्यानें रोज चालते. ज्या पिढीनें केवळ छाटलेलें गाणें ऐकलें, तिला छाटलें काय हें कधींच कळणार नाहीं.

मग कळ सारखी वरखालीं करावी लागण्याच्या त्रासाचें काय? त्याचा उपाय निघालेला आहे, आणि तो मूळ गाण्यास हातही लावीत नाहीं. २००६ सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें मानवी कानास जाणवणारा आवाजाचा मोठेपणा मोजण्याची एक पद्धति ठरवून दिली. तशा मापानें प्रत्येक गाणें अगोदर मोजून, वाजवितांना कळ आपोआप खालींवर करण्याची सोय आज अनेक सेवांत व यंत्रांत असते. आपल्या यंत्राच्या मांडणींत ती शोधून चालू करावी. संबंध तबकडी सलग ऐकतांना कांहीं सेवा साऱ्या तबकडीस मिळून एकच माप लावतात; त्यामुळें हलकें गाणें हलकें आणि मोठें मोठें राहतें. यांत न्यायही आहे. ज्यानें शिखरें छाटून आवाज चढविला, त्याचें गाणें येथें उलट खालीं आणलें जातें. छाटणी फुकट जाते. शिवाय, हलक्या गाण्याकरितां वाढविलेल्या कळीवर पुढचें गाणें कानावर आदळत नाहीं, हा कानांच्या आरोग्याचा लाभ वेगळाच.

सारांश, पातळी सारखी करणें हें ऐकणाऱ्याच्या हातांतील यंत्राचें काम आहे. तें गाण्यावर लादूं नये. विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना आहे कीं, जुनें गाणें खडबडीत लागलें तर प्रथम तें कोणत्या सालचें, कोणत्या साधनावर आणि कोणत्या आवृत्तीचें आहे हें पाहावें, शक्य तर मूळ आवृत्ति मिळवून ऐकावी, आणि मगच निकाल द्यावा. ज्यांनीं दोन मार्गांच्या फितीवर एका दिवसांत दहा गाणीं उभीं केलीं, त्यांना आपल्यापुढें कैफियत मांडतां येत नाहीं. त्यांच्या वतीनें तेवढी चौकशी करणें हें आपलें, मागून येणारांचें, कर्तव्य आहे.