‘नक्की सांगता येत नाही’ हाही निष्कर्षच

कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्याशी सुपारीएवढी गाठ येते. ती दुखत नाही, ताप नसतो, खाण्यापिण्याला अडथळा नसतो. म्हणून दोन-दोन, तीन-तीन वर्षे ती तशीच अंगावर काढली जाते. कुणी गालगुंड म्हणते, कुणी दाढेची सूज, कुणी गंडमाळ. लेप लावून होतात, प्रतिजैविकांच्या गोळ्या घेऊन होतात. शेवटी कुणी डॉक्टर सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी करायला सांगतात. रिपोर्ट येतो तेव्हा त्यात लिहिलेले असते, ‘लाळग्रंथीचा ट्यूमर आहे, साधा की कर्करोगाचा, हे निश्चित सांगता येत नाही.’ मग घरचे विचारतात, सुई टोचून घेऊन मिळवले काय?

मिळालेले असते बरेच. पण ते समजून घेण्यासाठी ही सुई काय पाहू शकते आणि काय नाही, हे आधी माहीत हवे.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात : कानापुढची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सब्लिंग्वल. शिवाय तोंडाच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी असतात. पॅरोटिडमधल्या दर पाच ट्यूमरपैकी सुमारे चार साधे निघतात. जबड्याखालच्या ग्रंथीत हे प्रमाण निम्म्यावर येते आणि जिभेखालचे ट्यूमर बहुतेक कर्करोगाचेच असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी शंका मोठी. हे कर्करोग दुर्मीळ आहेत, पण त्यांचे प्रकार वीसहून अधिक आहेत. तंबाखूशी त्यांचे नाते तोंडाच्या कर्करोगासारखे थेट नाही. त्यामुळे ‘आम्हाला कसलेच व्यसन नाही’ हा दिलासा इथे फार कामाचा नाही.

एफएनएसीची सुई इंजेक्शनच्या सुईइतकीच बारीक असते. तिच्यातून काही पेशी येतात. त्या काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या जातात. अडचण इथेच सुरू होते. लाळग्रंथीच्या काही ट्यूमरमध्ये साधा आणि कर्करोगी यांतला फरक पेशींच्या रूपात नसतोच. गाठीने आपले वेष्टन ओलांडून शेजारी शिरकाव केला आहे का, यावर तो ठरतो. सुईतून घरातली माणसे दिसतात, कुंपण दिसत नाही. ते पाहायला पूर्ण काढलेली गाठच लागते.

काही कर्करोग तर दिसायलाच साळसूद असतात. ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमाच्या पेशी लहान आणि एकसारख्या असतात. त्यांच्यामध्ये दिसणारे गुलाबी-किरमिजी गोळे ही त्याची खूण. पण तसेच गोळे काही साध्या ट्यूमरमध्येही दिसतात. हा कर्करोग मात्र नसांच्या कडेने सरकत जातो आणि उपचारांनंतर दहा-दहा वर्षांनीही फुप्फुसात उगवू शकतो. म्युकोएपिडरमॉइड कार्सिनोमाच्या सौम्य प्रकारात सुईत नुसता चिकट द्राव येतो, पेशी जेमतेम. ‘पाण्याची गाठ’ म्हणून तो सोडून दिला जाण्याचा धोका असतो.

याच अडचणींवर २०१८ साली ‘मिलान पद्धत’ आली. इटलीतल्या मिलान शहरात जगभरातले तज्ज्ञ एकत्र आले, तिथून तिची सुरुवात झाली, म्हणून हे नाव. २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती निघाली. तिच्यात रिपोर्टचे सहा वर्ग आहेत : नमुना अपुरा, ट्यूमर नाही, अनिश्चित बदल, ट्यूमर, कर्करोगाची दाट शंका आणि कर्करोग. ‘ट्यूमर’ या वर्गाचे आणखी दोन भाग पडतात. एक ‘साधा’, यात पुढे कर्करोग निघण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी. दुसरा ‘साधा की कर्करोगी हे अनिश्चित’; यात ती साधारण तीनात एक. म्हणजे ज्या रिपोर्टवर घरचे नाराज होतात, तोच सांगत असतो की ही गाठ थांबण्याची नाही, काढण्याची आहे. चेहऱ्याची नस पॅरोटिडमधूनच जाते. तिला जपून गाठ किती काढायची, याची आखणी सर्जन या वर्गावरून करतात.

‘सुई टोचली की कर्करोग पसरतो’ या समजापायी अनेक जण तपासणी टाळतात. बारीक सुईने असे होणे अत्यंत विरळ. खरे नुकसान वेगळ्याच गोष्टीने होते. तपासणी न करता गाठ गळू समजून चिरली किंवा नुसती सोलून काढली, तर प्लिओमॉर्फिक ॲडेनोमासारखा साधा ट्यूमरही फुटतो आणि काही वर्षांनी तिथेच दाण्यादाण्यांनी परततो. मग चेहऱ्याची नस वाचवणे फार अवघड होते.

अचूक निदानाचे दुसरे कारण नव्या औषधांत आहे. २०१० साली चेक पॅथॉलॉजिस्ट अलेना स्कालोव्हा आणि सहकाऱ्यांनी लाळग्रंथीचा एक वेगळा कर्करोग दाखवून दिला. आज त्याला सिक्रेटरी कार्सिनोमा म्हणतात. तोवर तो बहुतेकदा दुसऱ्याच नावाखाली मोजला जाई. त्याच्या पेशींत दोन जनुके जोडली गेलेली असतात. असा जोड असलेल्या कर्करोगांवरच्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. कर्करोग पसरलेल्या रुग्णासाठी नेमके नाव कळणे म्हणजे उपचाराची एक वाट उघडणे आहे.

त्यासाठी लागणारी पहिली पायरी महाग नाही. सुईत उरलेला नमुना फेकून न देता फॉर्मॅलिन आणि मेणात जपला, की त्याचा ‘सेल ब्लॉक’ तयार होतो. विशेष रंग आणि जनुकांच्या चाचण्या त्यावर करता येतात. सेल ब्लॉक प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्हायला हवा. जनुकांची चाचणी मोठ्या केंद्रात झाली तरी चालेल. सुई सोनोग्राफीच्या आधाराने गाठीच्या योग्य भागात घातली, तर अपुरे नमुने कमी होतात. आणि ‘मानेवर गाठ, एफएनएसी करावी’ एवढ्या चार शब्दांची चिठ्ठी बंद व्हायला हवी. वय काय, गाठ किती दिवसांची, झपाट्याने वाढली का, दुखते का, तोंड वाकडे झाले का, हे कळल्याशिवाय पॅथॉलॉजिस्ट अंधारात असतो.

रुग्णांनी लक्षात ठेवायचे ते थोडके आहे. कानापुढची किंवा जबड्याखालची गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावी. चेहऱ्याचा एक भाग ढिला किंवा बधिर वाटला तर थांबूच नये. काचपट्ट्या आणि ब्लॉक मागून जपावेत, दुसऱ्या तज्ज्ञाचे मत त्यांच्यावरच घेता येते. आणि रिपोर्टमध्ये ‘अनिश्चित’ आले, तर फाइल कपाटात न ठेवता ती घेऊन त्याच आठवड्यात सर्जनकडे जावे.