पियानो कोणाचा, मालकाचा की ॲपचा?

पियानो मी चित्रपटातच पाहिला आहे. आमच्या आळीत संगीत म्हणजे भजनी मंडळाची पेटी. तरीही लिहितो, कारण प्रश्न मालकीचा आहे!

एडविन व्होटी या अमेरिकन माणसाने १८९५ साली 'पियानोला' हे यंत्र रचले. भोके पाडलेली कागदी गुंडाळी फिरे, भोकांतून हवा ओढली जाई आणि पियानो आपोआप वाजे. पुढे १९०८ साली अमेरिकेतील कारखानदार बफेलो शहरी जमले व ८८ स्वरांच्या गुंडाळीचे एकच माप त्यांनी ठरवले. मग एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या पियानोवर चालू लागली. तसल्या जुन्या गुंडाळ्या आजही वाजतात!

आजच्या स्वयंचलित पियानोत पट्ट्यांखाली विद्युतचुंबक असतात, आणि गाणे निवडायचे ते बहुधा फोनवरच्या ॲपमधून. फोनची प्रणाली बदलली की ॲप रुसते. कंपनीने ॲप वाऱ्यावर सोडले की लाखो रुपयांचे धूड गप्प! हातांनी वाजवता येते म्हणा. पण मग जादा पैसे कशाचे मोजले?

१९८३ पासून 'मिडी' ही वाद्यांची सामायिक सांकेतिक भाषा आहे. ॲपवाचून, साध्या तारेने मिडी घेऊन वाजेल असाच पियानो कंपन्यांनी विकावा. तोवर गिऱ्हाईकाने दुकानातच फोन बंद करायला लावून पियानो वाजवून मागावा.