विश्लेषण : लम्पीची साथ रोखण्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची भूमिका काय?

गाय आजारी पडली की किंवा कृत्रिम रेतनासाठी जायचे ठिकाण, एवढीच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची ओळख गावात असते. साथ वेळीच ओळखणे आणि कायद्याच्या आधारे ती अडवणे हे त्याचे दुसरे काम सहसा दिसत नाही. लम्पी त्वचारोगात नेमके तेच निर्णायक ठरते.

उपचारांवर भिस्त का नाही?

देवी गटातील विषाणूमुळे होणारा हा आजार माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो. तो माणसाला होत नाही. जनावराला ताप येतो, अंगावर गाठी उठतात, दूध घटते. विषाणूवर थेट औषध नाही. उपचार लक्षणांवरच होतात. त्यामुळे भर लसीकरण व विलगीकरणावर. महाराष्ट्रात २०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून मोठा उद्रेक सुरू झाला. पुढच्याच महिन्यात संपूर्ण राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर करून जनावरांचे बाजार बंद करावे लागले. शेळ्यांच्या देवीची लस गायीबैलांना टोचण्यात आली.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ चा केंद्रीय कायदा आहे. अनुसूचित रोगाचा संशय आल्यास पशुपालकाने गावपातळीवर कळवायचे आणि तेथून लेखी माहिती जवळच्या पशुवैद्यकाकडे जायची, अशी त्यात तरतूद आहे. नमुने, लसीकरण, वाहतूकबंदी हे सारे त्यानंतर. पहिली खबरच उशिरा आली, तर पुढची यंत्रणा कितीही सज्ज असून उपयोग नाही.

खबर कुठे अडते?

बाजार बंद होईल, दूध कोणी घेणार नाही, या भीतीने आजार लपवला जातो. अनेकदा आधी खासगी उपचार होतात आणि नोंद राहून जाते. २०२२ मध्ये राज्याने मृत दुधाळ गायीसाठी ३० हजार, बैलासाठी २५ हजार आणि वासरासाठी १६ हजार रुपये मदत जाहीर केली. तिच्याकडे केवळ दिलासा म्हणून पाहिले गेले. प्रत्यक्षात आजार नोंदवण्याचे तेच सर्वात मोठे कारण ठरू शकते. अर्थात, नोंद घ्यायला दवाखान्यात माणूस हवा. दर पाच हजार जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा, ही राष्ट्रीय कृषी आयोगाची शिफारस १९७६ ची. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात गोवंशच सुमारे १ कोटी ४० लाख, म्हशी वेगळ्या. केवळ गोवंश धरला तरी या हिशेबाने २,८०० पशुवैद्यक लागतात. श्रेणी दोनच्या दवाखान्यांची मदार मात्र पदविकाधारक पर्यवेक्षकांवर होती.