जमाखर्चाबाहेरचा गिअरबॉक्स

कुरखेड्याच्या शाखेत असताना धानाचे एक व्यापारी जुन्या फोर-व्हील आर्मडाला दुसऱ्या मॉडेलचा गिअरबॉक्स बसविण्यासाठी कर्ज मागण्यास आले. अंदाजपत्रकात केवळ गिअरबॉक्सची किंमत होती. मी मिस्त्रीलाच बोलावले. नवा गिअरबॉक्स लांब असल्याने ट्रान्सफर केस मागे सरकणार. म्हणजे पुढचा प्रोपेलर शाफ्ट वाढवायचा, मागचा कापायचा, खालची बैठक नव्याने जोडायची. शाफ्टचा तोल बिघडला तर गाडी थरथरणार, ते वेगळेच. खर्च दुपटीवर गेला.

"साहेब, कर्ज देता की गाडी तपासता?" शेठजी रागावले. राग रास्तच, सती नदीला पूर आला की सारी उगाही त्या गाडीवरच अवलंबून. अखेर जुन्याच गिअरबॉक्सची बेअरिंगे व सिंक्रोनायझर बदलले. पुढे कित्येक पावसाळे ती बेडगाव घाट चढून कोरचीस जात असे. दुसरा गिअर मात्र शेवटपर्यंत कडकच राहिला.