रुळांच्या सोबतीनें एक दिवस

प्रवास म्हटला कीं आपल्या घरांतील वडील मंडळींस काशी-रामेश्वर आठवतें व मुलांस काश्मीर. नागभीड, ब्रह्मपुरी आणि वडसा हीं नांवें त्या यादींत सहसा येत नाहींत. तथापि या महिन्याचें आमचें टिपण याच वाटेचें आहे. गेल्या कार्तिकांत आम्ही दोघे स्नेही पायगाडीवरून नागभीडहून निघालों, रेल्वेच्या कडेकडेनें ब्रह्मपुरीवरून वडशास पोहोंचलों, आणि तेथून आरमोरीवरून दिवस मावळण्यापूर्वीं गडचिरोलीस गेलों. सारें अंतर सुमारें नव्वद किलोमीटर. पैकीं पहिल्या भागांत रेल्वे आहे, दुसऱ्या भागांत ती अद्याप यावयाची आहे. आणि या फरकानेंच आम्हांस विचार करावयास लावलें.

परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलांच्या पत्रांतून अलीकडे एक वर्णन वरचेवर येतें. बंद पडलेल्या आगगाडीचे रूळ उचलून त्या जागीं पायगाडीची व पादचाऱ्यांची वाट केलेली असते. इंग्लंडांत ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधील अशी वाट १९७९ ते १९८६ या काळांत तयार झाली. तिची लांबी सुमारें एकवीस किलोमीटर आहे. स्पेन देशानें १९९३ पासून हें काम हातीं घेतलें व आज तेथें अशा वाटा तीन हजार किलोमीटरांहून अधिक आहेत. या वाटांवर लहान मुलें आणि वृद्ध माणसें सुखानें पायगाडी चालवूं शकतात, याचें कारण साधें आहे. आगगाडीस मोठा चढ चढवत नाहीं. म्हणून रेल्वे बांधणारे लोक सखल जागीं भराव घालतात, टेकडी आली तर ती खोदून काढतात, आणि शंभर हात जावें तेव्हां कोठें एखादा हात चढ यावा असा मार्ग आंखतात. इंजिनासाठीं केलेली ही सोय पुढें पायगाडीच्या पथ्यावर पडते.

मग आपल्याकडे असें कां झालें नाहीं? नागभीडच्या स्टेशनाबाहेर उभें राहिलें कीं याचें उत्तर मिळूं लागतें. १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकांत बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें गोंदियाहून नागभीडवरून चांद्याकडे आणि नागपूरहून नागभीडकडे अरुंद मार्ग टाकले. दोन रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. अशा मार्गास खर्च कमी येतो आणि त्याला तीव्र वळणें घेतां येतात. धान व लांकूड वाहून नेण्यास तो पुरेसा होता. आपल्या आजोबांच्या पिढीनें या छोट्या गाडीची पुष्कळ थट्टा केली, पण तिच्याच डब्यांत बसून त्या पिढीचीं मुलें नागपूरच्या कॉलेजांत गेलीं. गोंदिया-चांदा मार्ग गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुंद झाला. नागपूर-नागभीडची छोटी गाडी मात्र २०१९ सालच्या नोव्हेंबरापर्यंत धांवत होती. रुंदीकरणासाठीं ती बंद झाली. इंग्लंडांत मोटार आली आणि खेड्यांनीं आगगाडी सोडली. येथें खेड्यांना आगगाडी हवीच आहे, आणि ती अधिक मोठी हवी आहे. म्हणून येथें रूळ उचलले गेले ते अधिक रुंद रूळ टाकण्यासाठीं.

आम्ही निघालों तेव्हां बांध्यांवर धुकें होतें. या भागांत धानाच्या शेताच्या तुकड्यास बांधी म्हणतात व लहान तळ्यास बोडी. अर्धें धान कापून झालें होतें, अर्धें उभें होतें, आणि कापलेल्या धानाचे पुंजणे ठिकठिकाणीं रचलेले होते. रस्ता कधीं रुळांच्या जवळ येतो, कधीं दूर जातो. पण रेल्वेचा भराव व त्यावरील विजेच्या तारा बहुधा नजरेंत राहतात. मोठे तलाव लागले कीं थोडें थांबावें. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी समाजानें बांधलेले हे तलाव पुढें मालगुजारांकडे आले, आणि १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपल्यावर त्यांचें नांव 'माजी मालगुजारी तलाव' असें पडलें. एक तलाव दुसऱ्याला पाणी देतो आणि दुसरा तिसऱ्याला. ही रचना मोटारींतून दिसत नाहीं. पायगाडीच्या गतीनेंच ती ध्यानांत येते.

ब्रह्मपुरी जवळ आली तशा शाळेच्या मुली भेटूं लागल्या. निळा-पांढरा वेश, दोन वेण्या, पुढें दप्तर, आणि तिघी-तिघी ओळीनें. राज्यसरकारच्या मानव विकास कार्यक्रमाखालीं २०११ पासून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. १८८८ सालीं किर्लोस्कर बंधूंनीं बेळगांवांत सायकलींचें दुकान घातलें, त्या काळीं पायगाडी ही साहेबाची चैन होती. आज ती शेतमजुराच्या मुलीला दहावीपर्यंत नेते. मात्र या मुली ज्या रस्त्यानें जातात, त्याच रस्त्यानें धानाचे ट्रकहि जातात. एक ट्रक गेला कीं तिघीहि पायगाड्या घेऊन कडेच्या मातींत उतरत. हें आम्हीं तासाभरांत चार वेळां पाहिलें.

ब्रह्मपुरीपुढें वैनगंगा लागते. पात्र विस्तीर्ण, पाणी शांत, आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा. चंद्रपूरपासून हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजीं वेगळा झाला. नदीपलीकडचें वडसा, म्हणजेच देसाईगंज, हें झाडीपट्टी नाटकांचें मोठें केंद्र. भाऊबीजेपासून होळीपर्यंत येथील नाटकमंडळ्या गांवोगांव रात्रभर खेळ करतात. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. पोहे-चहाच्या दुकानांत आम्ही बसलों असतां रात्रीच्या प्रयोगाच्या जाहिराती भिंतीवर एकावर एक चिकटलेल्या होत्या, आणि मुंबईपुण्याचीं नाट्यगृहें ओस पडल्याची तक्रार करणाऱ्यांनीं त्या एकदां पाहाव्यात असें वाटलें.

जिल्ह्याच्या मुख्य गांवास मात्र अद्याप रेल्वे नाहीं. वडशाहून गडचिरोलीपर्यंत सुमारें ५२ किलोमीटरांचा नवा मार्ग मंजूर असून त्याचें काम चालू आहे. ज्या घरांतील आजारी माणूस नागपूरच्या इस्पितळांत न्यावा लागतो, त्या घराला या मार्गाची किंमत सांगावी लागत नाहीं. आरमोरीस झाडाखालीं दशम्या व शेंगदाण्याची चटणी सोडून आम्ही बसलों असतां एक वृद्ध शेतकरी जवळ आले. कोठून आलों, कोठें चाललों, याची चौकशी करून ते म्हणाले, "दिवस बुडायच्या आंधी जंगल सोडा जी." आवाजांत भीती नव्हती, पाऊस येईल, छत्री घ्या, असें सांगावें तसें त्यांनीं सांगितलें.

त्यांचें सांगणें शब्दशः खरें आहे. २०२२ सालच्या ऑक्टोबरांत वडशाच्या जंगलांत पकडलेल्या एका वाघानें तीन जिल्ह्यांत मिळून तेरा माणसें मारलीं होतीं. आणि माणसानेंहि वाघाचें कमी नुकसान केलेलें नाहीं. २०१८ सालच्या नोव्हेंबरांत याच गोंदिया-चांदा मार्गावर, चंद्रपूरजवळ जुनोन्याच्या जंगलांत, वाघाचे तीन बछडे आगगाडीखालीं सांपडून मेले. रूळ रुंद झाले, गाड्यांचा वेग वाढला. जंगलांतील वाट मात्र पूर्वींचीच राहिली.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. नागपूरहून शिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलांतून जातो. तेथें रस्ता उचलून त्याखालून जनावरांस जाण्यासाठीं नऊ मार्ग ठेवले आहेत. २०१९ सालीं तेथें लावलेल्या कॅमेऱ्यांनीं अठरा जातींचे वन्य प्राणी टिपले, आणि त्यांत अकरा निरनिराळे वाघ होते. वाट ठेवली तर वाघ ती ओळखतो, इतकें यावरून सिद्ध होतें.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं परदेशांतील वाटांची नक्कल करण्यापेक्षां त्यांतील तत्त्व घ्यावें. तेथें रूळ गेले म्हणून वाट झाली. येथें रूळ टाकतांनाच वाट ठेवली पाहिजे. नवा मार्ग बांधतांना सामान नेण्यासाठीं भरावाच्या पायथ्याशीं कच्चा रस्ता करावाच लागतो. जेथें दोन्ही बाजूंस बांध्या व गांवें आहेत, तेथें काम संपल्यावर तो रस्ता मोडूं नये. मजबूत कुंपण घालून तो पायगाड्यांस द्यावा. सपाट, सरळ आणि ट्रकांपासून दूर असा तो शाळेचा रस्ता होईल. जेथें जंगल आहे, तेथें मात्र माणसासाठीं वाट करूं नये. तेथें रूळ उचलावे आणि खालची जागा जनावरांस सोडावी. शेतांत मुलींची वाट आणि वनांत वाघाची वाट, अशी वांटणी नकाशावर आधींच झाली तर पुढें कोणाच्याहि घरीं रडावें लागणार नाहीं.

आतां ज्या घरांतील तरुण मंडळी ही वाट करूं इच्छितील त्यांस दोन शब्द. रुळांवरून किंवा भरावावरून चालणें कायद्यानें गुन्हा आहे, रस्ताच धरावा. कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. पहांटे नव्हे, चांगलें उजाडल्यावर निघावें, आणि वनाचा भाग दुपारीं चारच्या आंत ओलांडावा. एकट्यानें जाऊं नये. एक जादा ट्यूब, पंप व पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर असाव्यात. मोहाच्या व तेंदूपानांच्या हंगामांत, म्हणजे चैत्र-वैशाखांत, वनांत जाण्याचा मोह टाळावा. त्या दिवसांत पोटासाठीं वनांत जाणाऱ्या बायाबापड्यांसच वाघाचें भय सर्वांत अधिक असतें.

गडचिरोलीस पहिली आगगाडी येईल तेव्हां समारंभ होईल, हार-तुरे होतील, आणि तें योग्यच आहे. त्या गाडीच्या खिडकींतून खालीं पाहतांना भरावाच्या कडेनें निश्चिंतपणें शाळेस जाणारी एखादी पायगाडी दिसावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.