ऑटोमेशनची पेटी आली, वायर कोण जोडणार?

माळशिरस-पंढरपूर भागात रात्रीच्या थ्री फेजवर पाणी देणाऱ्या माणसाला कंट्रोलरचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही. रात्री दोनला लाईट येते, बॅटरी धरून उसात शिरायचे, व्हॉल्व्ह फिरवायचे, आणि पायाखाली काय आहे ते देवालाच ठाऊक. म्हणून लोक पदरमोड करून, प्रसंगी कर्ज काढून ही पेटी घेतात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार ही की, पेटी भिंतीला टांगणारा माणूस वायर मात्र मनाला येईल तशी ओढून जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात शेतकरी पुन्हा हातानेच व्हॉल्व्ह फिरवताना दिसतो.

गेल्या हंगामात अशाच एका शेतावर गेलो. चार व्हॉल्व्ह. जवळचे तीन चालतात, 300 मीटरवरचा शेवटचा काही उघडत नाही. "साहेब, व्हॉल्व्हच खराब दिलाय," मालक म्हणाले. विक्रेत्याने तो दोनदा बदलूनही दिला होता! व्हॉल्व्ह चांगलाच होता. वायर होती 0.5 चौरस मिलिमीटरची, घरातल्या बेलला लावतात तसली. जाऊन-येऊन 600 मीटर तांब्याची तार, म्हणजे सुमारे 22 ओहम रोध. 24 व्होल्ट एसीचा व्हॉल्व्ह उघडताना 0.4 अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. म्हणजे जवळपास 9 व्होल्ट वाटेतच गेले, व्हॉल्व्हपाशी उरले 15. उघडणार कसा? तिथे 1.5 चौरस मिलिमीटरची वायर असती तर साधारण 3 व्होल्टच गेले असते. हा हिशेब सातवीतल्या पोराला जमेल, पण बिल फाडताना तो कुणी करत नाही.

सेन्सरची गोष्ट याहून नाजूक. त्याचा सिग्नल अगदी बारीक असतो. ती वायर मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेली की मोटार सुरू होताच आकडे नाचू लागतात. दोन्ही वायरी वेगवेगळ्या चरातून न्याव्यात. सेन्सरला जाळीची वायर घ्यावी आणि तिची जाळी फक्त कंट्रोलरच्या टोकाला अर्थ करावी, दोन्हीकडे नको. आणि आपल्या काळ्या जमिनीचे वेगळेच दुखणे. ती भेगाळली की सेन्सरभोवती हवा शिरते, सेन्सर सांगतो "माती कोरडी", आणि व्हॉल्व्ह रात्रभर चालू. दोष कंट्रोलरला लागतो. सेन्सर ड्रिपरजवळ, मुळांच्या खोलीवर, मातीचा चिखल करून घट्ट बसवायचा असतो, काठीने भोक पाडून नुसता खोचायचा नसतो.

जोड कुठे आहेत तेही विचारा. काळी टेप गुंडाळलेला जोड ओल्या मातीत फार टिकत नाही. आत ग्रीस भरलेली जलरोधक टोपणे मिळतात, खर्च किरकोळ आहे. मोटारही कंट्रोलरच्या तारेवर थेट चालत नाही. मध्ये रिले आणि त्यापुढे स्टार्टर लागतो. आधी व्हॉल्व्ह उघडावा, मग मोटार सुरू व्हावी. क्रम चुकला तर पाइप फुटतो.

बिघाड ओळखायला साधा मल्टिमीटर पुरतो. सगळेच व्हॉल्व्ह बंद पडले तर आधी कॉमनची तार तपासा, ट्रॅक्टरच्या फाळाने तुटलेली असेल. एकच बंद असेल तर त्याची तार किंवा कॉइल. 24 व्होल्ट एसीची कॉइल साधारण 20 ते 60 ओहम दाखवते. मीटर काहीच दाखवत नसेल तर ती जळाली. बॅटरीवरच्या व्हॉल्व्हची लाल-काळी तार उलटी जोडली, तर "बंद" म्हटल्यावर तो उघडतो. व्हॉल्व्ह उघडाच राहिला तर मात्र वायरिंगच्या मागे लागण्याआधी त्याचा पडदा सोडून बघा, बहुतेक वेळा आत कचराच निघतो.

हे सगळे शेतकऱ्याने एकट्याने का शिकावे? गावचा वायरमन मोटार बांधतो, पण 24 व्होल्टचे काम त्याला कुणी शिकवलेले नाही. तालुक्याच्या आयटीआयमध्ये आठ दिवसांचा वर्ग घेतला तर गावोगावच्या पोरांना कामही मिळेल. आमच्या खात्यानेही नुसती शिबिरे भरवून हार-तुरे घेण्यापेक्षा एका शेतात चर उघडून दाखवावा. हे आमच्या साहेबांना आवडणार नाही, पण लिहितो.

तोवर एवढे करा. कोणती तार कुठून गेली, जोड कुठे आहेत, कोणत्या रंगाला कोणता व्हॉल्व्ह, हा नकाशा कागदावर सहीनिशी घ्या. तो हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.