अडाणी कोण?

अमुक समाजाचे आईबाप मुलांना लस देऊ देत नाहीत, हे वाक्य सुशिक्षितांत सिद्धान्तासारखे मिरविले जाते. २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले. पैकी सुमारे साडेबाराशे एकट्या उत्तर प्रदेशात, आणि त्यांत मुसलमान बालकांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने फार मोठे. निदान तयारच होते : धर्मांधता! हे थेंब वंध्यत्व आणतात, ही अफवा खोटीच होती. पण ती ज्या मोहल्ल्यांत पटली, ते १९७६ ची सक्तीची नसबंदी आणि मुझफ्फरनगरचा गोळीबार विसरले नव्हते. ज्या सरकारला गटार बांधता येत नाही, ते दोन थेंबांसाठी पुनःपुन्हा दारात का येते, ही शंका अडाण्याची खासच नव्हे. शिवाय त्याच घाणीमुळे, सततच्या अतिसारामुळे लस पुरती लागू पडेना आणि अनेक मात्रा घेतलेली मुलेही पंगू झाली. हा दोष कोणत्या धर्माचा? पुढे मौलवींना, वस्तीतील स्त्रियांना विश्वासात घेतले गेले. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण आढळलेला नाही. आईबाप तर त्याच मोहल्ल्यांतले! २०२२ मध्ये गोवंडीत गोवराने बालके दगावली, तेव्हा तेथील पाणी, दाटी आणि कुपोषण यांचा हिशेब किती जणांनी मागितला?